मताचा रकाना कोरा का राहतो?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मे 2021 मध्ये मी ग्रामविकास अधिकारी म्हणून सेवानिवृत्त झालो. त्याआधीची 31 वर्षं सोलापूर जिल्ह्यातल्या निरनिराळ्या गावांत गेली. मासिक सभा आणि ग्रामसभा यांची किती इतिवृत्तं माझ्या हातून लिहिली गेली, याची मोजदाद नाही. पण लिहायची रीत पहिल्या नेमणुकीत एका विस्तार अधिकाऱ्यांनी शिकवली, ती शेवटच्या दिवसापर्यंत मोडली नाही. ठराव लिहायचा, खाली सूचक कोण, अनुमोदक कोण ते लिहायचं. एकमत झालं नसेल तर बाजूने कोण, विरोधात कोण, तटस्थ कोण, ती सगळी नावं लिहायची. "हात खाली गेला की माणूस विसरतो. हात वर आहे तोवर लिहून घे," असं ते सांगायचे. एका गावात गटाराचा पाइप कोणत्या आळीतून न्यायचा यावर सात सदस्यांत चार विरुद्ध तीन असा ठराव झाला होता. त्याला वीसेक वर्षं होऊन गेली. प्रोसिडिंग बुकाचं ते पान उघडलं तर ते चार कोण आणि तीन कोण हे आजही वाचता येतं.

हे सांगायचं कारण, गटाराच्या पाइपाला जी नोंद मिळते ती या राज्याच्या कायद्यांना मिळत नाही. त्याबद्दलच हे पत्र आहे.

निवृत्त झाल्यावर मी आमच्या आमदारांची एक वही सुरू केली. ग्रामपंचायतीचे हिशेबाचे आणि दप्तराचे नमुने 33, म्हणून वहीच्या पुठ्ठ्यावर 'नमुना 34' लिहिलं. सहा रकाने आखले: तारीख, हजेरी, विचारलेला प्रश्न, सभागृहात बोलले ते, मतदारसंघात बोलले ते, आणि मत. अधिवेशनाच्या दिवशी थेट प्रक्षेपण मोबाइलवर लावून बसतो. विधिमंडळाच्या संकेतस्थळावरून कामकाजाचा क्रम आणि तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या) प्रश्नांच्या याद्या उतरवून घेतो. तालुक्यातल्या भाषणांची कात्रणं चिकटवतो. आमदारांचं नाव इथे मुद्दाम देत नाही. माझी तक्रार त्यांच्या एकट्याबद्दल नाही, आणि नाव दिलं की पत्र गटातटाच्या राजकारणात ओढलं जाईल.

पहिले पाच रकाने भरतात. हजेरीचा अंदाज येतो, भाषणं ऐकता येतात. प्रश्नांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. विधानसभेतल्या एकेका तारांकित प्रश्नावर अनेक सदस्यांची नावं असतात. एखादं नाव पहिलं आणि एखादं नववं असलं तरी अधिवेशनानंतर छापल्या जाणाऱ्या कार्यअहवालात दोघांचाही 'प्रश्न विचारला' असाच हिशेब होतो. म्हणून मी नाव कितवं आहे तेही लिहितो, आणि पुरवणी प्रश्न विचारायला आमदार स्वतः उभे राहिले का, हेही लिहितो. आमच्या आमदारांनी टँकरच्या थकलेल्या बिलांवर मांडलेली एक लक्षवेधी सूचना खरोखर अभ्यासून तयार केलेली होती. त्यांनी तालुक्याचे आकडे तोंडपाठ सांगितले आणि मंत्र्यांकडून तारीख घेऊनच खाली बसले. ते पान मी गावातल्या पोरांना दाखवतो. आमदाराचं चांगलं काम टिपायलाही हीच वही लागते.

सहावा रकाना मात्र कोरा राहतो. 2021 पासून आजवर तो दोनदा भरला. 3 जुलै 2022 रोजी अध्यक्षांची निवड झाली आणि 4 जुलै 2022 रोजी विश्वासदर्शक ठराव. त्या दोन दिवशी सदस्यांनी एकेक करून उभं राहून स्वतःचं नाव आणि क्रमांक सांगितला आणि शिरगणती झाली. पहिल्या दिवशी 164 विरुद्ध 107, दुसऱ्या दिवशी 164 विरुद्ध 99. विरोधातली मतं एका रात्रीत कमी कशी झाली, कोण उशिरा पोहोचलं, कोण आलंच नाही, हे नावांसकट दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आलं, आणि ज्यांची नावं आली त्यांना खुलासे द्यावे लागले. नोंद झाली म्हणून जाब विचारता आला.

बाकी सगळी विधेयकं आवाजी मतदानाने झाली. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावं, होयचं बहुमत, विधेयक संमत. हे इतक्या झरझर होतं की एखाद्या दिवशी मी चहाचा कप ठेवून येईपर्यंत एक कायदा होऊन गेलेला असतो. माझी वही सुरू झाली त्या अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, 5 जुलै 2021 रोजी, 12 आमदारांना वर्षभरासाठी निलंबित करण्याचा ठराव असाच आवाजी मतदानाने झाला. 12 मतदारसंघ वर्षभर प्रतिनिधीविना राहणार होते. पुढे 28 जानेवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव रद्द केला. आमच्या आमदारांनी त्या दिवशी 'होय' म्हटलं की 'नाही', की ते गप्प राहिले? माझ्या वहीत त्या ओळीपुढे आडवी रेघ आहे.

ज्या गोष्टीमुळे मला हे सगळं फार लागलं ती सरपंचाच्या निवडीची. तिथे मी स्वतः होरपळलो आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

2017 मध्ये कायदा बदलून सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं. त्या वर्षी माझ्याकडे असलेल्या दोन गावांपैकी एका गावात सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पॅनेलचं, असा निकाल लागला. पुढचे महिने कसे गेले ते माझं मला माहीत. सरपंचांनी विषय घ्यायचा आणि सदस्यांनी तो नामंजूर करायचा. पाणीपुरवठ्याच्या मोटारीच्या दुरुस्तीचं बिल तीन सभा लोंबकळलं. बायका हंडे घेऊन कार्यालयात यायच्या आणि मला बोलायच्या, कारण खुर्चीवर मी एकटाच सापडायचो. दुसऱ्या गावात मात्र याच पद्धतीने एक खमक्या बाई निवडून आल्या. सदस्यांमधून निवड असती तर त्यांना कोणी सरपंच होऊ दिलं नसतं. म्हणजे दोन्ही बाजू मी पाहिल्या. थेट निवड चांगली की वाईट, यावर माझं मत आजही पक्कं नाही.

फेब्रुवारी 2020 मध्ये विधिमंडळाने ती पद्धत रद्द केली आणि सरपंच पुन्हा सदस्यांमधून निवडायचं ठरलं. 15 जानेवारी 2021 रोजी राज्यात चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींची निवडणूक झाली ती याच पद्धतीने, आणि सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडतही निकालानंतर निघाली. माझ्या नोकरीतली ती शेवटची निवडणूक. मग ऑगस्ट 2022 च्या पावसाळी अधिवेशनात कायदा पुन्हा फिरला आणि थेट निवड परत आली.

वाचकांनी तारखा नीट पाहाव्यात. 2020 ची विधानसभा आणि 2022 ची विधानसभा एकच. मध्ये निवडणूक झाली नाही, सभागृह तेच, सदस्यही जवळपास तेच. त्याच सभागृहाने अडीच वर्षांत एक पद्धत मोडली आणि तीच पुन्हा उभी केली. सरकार बदललं, हे कारण सगळ्यांना माहीत आहे. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की आमचे आमदार दोन्ही वेळी 'होय' म्हणाले का. म्हणाले असतील तर त्याचंही कारण असू शकतं. अनुभवातून मत बदलतं, माझंही बदललं आहे. पण मत बदललं असं म्हणायला आधी ते काय होतं हे कळायला हवं. दोन्ही विधेयकांवर सदस्यांच्या नावांसह मतांची यादी मला कुठेही मिळाली नाही. विधेयक कोणत्या तारखेला मांडलं, कधी संमत झालं, हे मिळालं. कोणाच्या मताने संमत झालं, हे मिळालं नाही.

म्हणून मी आमदारांना रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. सात विधेयकांची नावं आणि प्रत्येकापुढे चार चौकटी: होय, नाही, तटस्थ, गैरहजर. उत्तरासाठी पत्ता लिहिलेला लिफाफा तिकीट लावून आत ठेवला. महिन्याभराने त्यांच्या स्वीय सहायकाचा फोन आला. "भाऊसाहेब, साहेब पक्षासोबतच असतात की. वेगळं काय लिहून द्यायचं?" मी म्हटलं, तेवढंच लिहून द्या. लिफाफा परत आला नाही.

त्यानंतर एका लग्नात, मंगल कार्यालयाच्या दारात, आमदार स्वतःच माझ्याजवळ आले. पत्र त्यांनी वाचलेलं होतं. बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊसाहेब, खरं सांगू? 2022 चं आठवतंय. 2020 ला मी त्या वेळी सभागृहात होतो की लॉबीत, हे आता मलाच सांगता येणार नाही." ते खोटं बोलले नाहीत, याचा मी आदर करतो. अडीच लाखांहून जास्त मतदारांच्या वतीने दिलेलं मत देणाऱ्यालाच आठवत नाही आणि ते कुठे लिहिलेलंही नाही. पहिल्या नेमणुकीतले ते विस्तार अधिकारी मला त्या दिवशी मांडवात आठवले.

यात कोणा एका पक्षाचा दोष आहे असं मी म्हणत नाही. 12 नोव्हेंबर 2014 रोजी तर सरकारवरचा विश्वासदर्शक ठरावच आवाजी मतदानाने संमत झाला. विरोधक मतविभागणी, म्हणजे मतांची मोजणी, मागत राहिले. 30 नोव्हेंबर 2019 रोजी दुसऱ्या सरकारच्या वेळी शिरगणती झाली, 169 बाजूने आणि 4 तटस्थ, कारण मतदान गुप्त नको आणि त्याचं थेट प्रक्षेपण व्हावं असं सर्वोच्च न्यायालयाने आधीच बजावलं होतं. विरोधी बाकांनी त्या दिवशी सभात्याग केला. सभात्यागासाठी मी वहीत वेगळी खूण ठेवली आहे, कारण ते मत नसलं तरी गैरहजेरीही नाही. डिसेंबर 2021 मध्ये नियम बदलून अध्यक्षांची निवड गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदानाने करायचं ठरलं. आवाजी मतदान सत्तेत असणाऱ्या प्रत्येकाला सोयीचं वाटलं आहे. आज तिथे बसलेल्यांना वाटतं, काल बसलेल्यांनाही वाटत होतं.

दिल्लीत असं नाही. तिथेही पुष्कळ विधेयकं आवाजी मतदानाने होतात, हे खरं. पण लोकसभेत 1957 पासून बटण दाबून मत नोंदवण्याची यंत्रणा आहे, आणि मतविभागणी झाली की कोण 'होय', कोण 'नाही', ही नावं कामकाजाच्या वृत्तांतात छापली जातात. 20 सप्टेंबर 2023 रोजी महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतांनी संमत झालं. त्या दोघांपैकी एक मत तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांचं होतं. मुस्लिम आणि ओबीसी महिलांसाठी वेगळी तरतूद नाही, हे त्यांनी कारण सांगितलं. ते पटो वा न पटो, त्या मतदारसंघातल्या बाईला आपला खासदार कुठे उभा होता हे कळलं, आणि पुढच्या निवडणुकीत त्याचं काय करायचं तेही तिला ठरवता आलं. माझ्या घरातल्या बाईला विधानसभेतल्या एकाही विधेयकाबद्दल एवढं कळू शकत नाही.

10 जुलै 2025 रोजी विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने संमत झालं. त्यावर आधी संयुक्त समिती बसली होती आणि तिच्याकडे लोकांच्या बारा हजारांहून अधिक हरकती आणि सूचना आल्या होत्या. सभागृहात उघड विरोध डहाणूचे विनोद निकोले यांनी केला, तो त्यांच्या भाषणामुळे नोंदला गेला. विधेयक बरं की वाईट हा इथे विषय नाही. ज्यांनी हरकत लिहून पाठवली त्या हजारो लोकांपैकी कोणालाही आपल्या आमदाराने त्या क्षणी काय म्हटलं हे कागदावर दाखवता येत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. पुढे गावोगावच्या सभांतून "आमचा विरोधच होता" किंवा "आमचा पाठिंबाच होता" असं कोणीही म्हणू शकतो. माझ्या पाचव्या रकान्यात अशी वाक्यं पुष्कळ आहेत. ती ताडून पाहायला सहावा रकाना लागतो, आणि तोच कोरा आहे.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं. पक्षादेश असतो, आमदार स्वतःच्या मनाने मत देतच नाही, मग नोंदून उपयोग काय? प्रश्न बिनबुडाचा नाही. 1985 मध्ये 52 व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, आली. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा मत देणं टाळलं, आणि पक्षाने 15 दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. पण 1992 च्या किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या बंधनाचा रोख सरकार टिकण्या-पडण्याच्या मतदानापुरता आणि पक्षाच्या मूळ धोरणाच्या प्रश्नांपुरता असावा, असं म्हटलं आहे. गावच्या पाण्याच्या, बाजार समितीच्या, सरपंचाच्या कायद्यावर दरवेळी सदस्यत्व पणाला लागावं, अशी अपेक्षा तिथेही नव्हती. आणि पक्षादेश काढलाच असेल तर तसं लिहा. 'पक्षादेशानुसार होय' असा शेरा माझ्या वहीत बसतो. मग मी जाब पक्षाला विचारीन, आमदाराला विचारणार नाही. आज दोघांनाही विचारता येत नाही.

शिवाय हेही पाहा. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला आपली मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. 2003 मध्ये कायदा बदलून तशी सोय केली आहे. आमदार फुटू नये म्हणून पक्षाला त्याचं मत डोळ्यांनी पाहता येतं. ज्यांनी त्याला निवडून दिलं त्यांना ते कायद्याच्या बाबतीतही पाहता येऊ नये, याचं कारण मला कोणीतरी समजावून सांगावं.

दुसरं उत्तर वेळेचं. 288 सदस्य, एकेकाला उभं राहून नाव सांगायला चार सेकंद धरले तर 1152 सेकंद, म्हणजे वीस मिनिटांच्या आत. बटणाची सोय केली तर एखादा मिनिट. आणि एवढीही तयारी नसेल तर निदान 'नाही' म्हणणाऱ्यांची आणि तटस्थ राहणाऱ्यांची नावं विचारून लिहून घ्यावीत, आणि त्या वेळी सभागृहात किती सदस्य होते तो आकडा लिहावा. घटनेच्या 189 व्या अनुच्छेदाप्रमाणे निर्णय होतो तो हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने, आणि गणपूर्तीला, म्हणजे कामकाजासाठी लागणाऱ्या किमान हजेरीला, एक दशांश सदस्य पुरतात. आपल्या विधानसभेत ते 29 होतात. तेरा कोटींच्या जवळपास लोकांना लागू होणारा कायदा कितीजणांनी केला, 29 की 250, हे तरी कळायला हवं ना?

माझी मागणी एकच आहे. कोणतंही विधेयक शेवटी संमत करताना नावनिशीवार मत घ्यावं आणि ती यादी त्याच दिवशी विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत टाकावी. नियम करण्याचा अधिकार सभागृहाला स्वतःला आहे, त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही. या मजकुराचं निवेदन मी विधानसभा अध्यक्ष आणि विधान परिषदेचे सभापती या दोघांनाही पाठवलं आहे. पोहोचपावत्या वहीत लावल्या आहेत.

आपल्या वर्तमानपत्रालाही एक विनंती आहे. अधिवेशन संपलं की कोणत्या नेत्याने कोणाला कोपरखळी मारली याची पानं भरून येतात. त्यातलं अर्धं पान जिल्हावार तक्त्याला द्या. संमत झालेली विधेयकं एका बाजूला, जिल्ह्यातले आमदार दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येकाला तुमच्या वार्ताहराने विचारायचं: होय की नाही? जो उत्तर देणार नाही त्याच्यापुढे 'उत्तर दिलं नाही' छापा. माझ्यासारख्या एकट्या म्हाताऱ्याच्या लिफाफ्याला उत्तर येत नाही, तुमच्या वार्ताहराला येईल. सोलापूर जिल्ह्यापुरतं हे काम करायला मी तयार आहे, मानधन नको. वही दाखवतो, रकाने कसे आखायचे ते सांगतो.

गावातल्या बारावीच्या दोन मुली आता माझ्याबरोबर प्रक्षेपण ऐकायला बसतात. त्यांतल्या एकीने मागच्या अधिवेशनात विचारलं, "आजोबा, मोकळा रकाना दर वेळी आखायचा कशाला? काढून टाकू या ना." मी तिला पट्टी दिली आणि रेघ तशीच ओढायला सांगितलं. येत्या अधिवेशनासाठी पानं आखून तयार आहेत, सहा रकान्यांची.

आपला नम्र,
एक निवृत्त ग्रामविकास अधिकारी,
जि. सोलापूर